बाबा मुलांचं किती करतो हे मोजायचं कसं? (माझ्या प्रश्नावलीत सगळेच पास)

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा, अडकलेय.

बालविकासात एमए करतेय, प्रबंधाचा विषय २ ते ५ वर्षांच्या मुलांच्या वडिलांचा सहभाग. प्रश्नावली बनवली, "मुलाशी खेळता का, त्याला झोपवता का, गोष्ट सांगता का" वगैरे, आणि उत्तराला 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत पाच पर्याय. खऱ्या कामाला हात घालायच्या आधी ओळखीतल्या काही बाबांकडून भरून घेतली आणि बघते तर काय, सगळ्यांचं ४ नाहीतर ५. एकही नापास नाही. मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या सगळेच उत्तम असतील तर तुझं संशोधन इथेच संपलं की.

मग डोक्यात किडा वळवळला म्हणून त्याच घरांतल्या आयांना तीच प्रश्नावली दिली, फक्त "मुलाचे बाबा अमुक करतात का" असा बदल करून. आकडे धाडकन खाली. एका घरात 'मुलाला झोपवणं' ला बाबांनी 'नेहमी' लिहिलंय आणि आईने 'क्वचित'. न राहवून विचारलंच. बाबा म्हणाले, मी रोज त्याच्या शेजारी आडवा होतो की. आई म्हणाली, हो होतो ना, आणि पोराच्या आधी स्वतःच घोरायला लागतो.

हसले मी पण नंतर वाटलं की दोघंही खोटं बोलत नाहीयेत. मग धरायचं कोणाचं? तास-मिनिटं मोजायची की कामं मोजायची? सगळं मिळून एकच मार्क दिला तर चालतो का? आणि जो बाबा कामामुळे आठवडाभर घरीच नसतो त्याला शून्य द्यायचं का, मला तरी ते बरोबर वाटत नाही.

---

आकडेमोड्या

घोळ सगळा त्या 'नेहमी' मध्ये आहे. नेहमी म्हणजे किती हे जो तो आपल्या मापाने ठरवतो आणि बाबा लोकांचं माप बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचे वडील असतात. ज्याला वडिलांनी कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही तो आठवड्यातून दोनदा पोराला फिरवून आणतो आणि त्याला मनापासून वाटतं की आपण नेहमी करतो. वर चार लोकांत बरं दिसावं म्हणून थोडं चढवून सांगणं आलंच. ते सगळेच करतात, मी पण करतो.

युनिसेफचं मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे म्हणून मोठं घरोघरचं सर्वेक्षण असतं त्यातला प्रश्न बघा कसा बांधलाय. गेल्या ३ दिवसांत घरातल्या १५ वर्षांवरच्या कोणी या मुलासोबत ६ पैकी काय काय केलं: पुस्तक वाचणं किंवा चित्रं दाखवणं, गोष्ट सांगणं, गाणं म्हणणं, घराबाहेर घेऊन जाणं, खेळणं, आणि नावं सांगणं-मोजणं-चित्र काढणं. आणि केलं असेल तर कोणी केलं, आईने, बाबाने, आणखी कोणी, की कोणीच नाही. ३ दिवस म्हणजे माणसाला आठवतात, आणि 'केलं का' याचं उत्तर हो किंवा नाही, त्यात 'मी किती चांगला बाप आहे' हे घुसवायला जागा कमी राहते. ६ पैकी किमान ४ केल्या का अशी रेघ मारून मग टक्केवारी काढतात. यात पण अडचण आहेच, उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक वेळा आई किंवा जी मूल सांभाळते ती, म्हणजे बाबाबद्दल आपण पुन्हा दुसऱ्यालाच विचारतोय.

बाकी एकच मार्क देऊ नका. १९८० च्या दशकात मायकेल लँब, जोसेफ प्लेक आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी बापाच्या सहभागाचे तीन भाग पाडले ते आजही सगळे वापरतात. एक, मुलाशी प्रत्यक्ष काहीतरी करणं. दोन, हाकेच्या अंतरावर असणं, म्हणजे तो त्याचं काम करतोय पण पोराने हाक मारली की येईल. तीन, जबाबदारी, म्हणजे डॉक्टरकडे कधी न्यायचं, आजारी पडलं तर कोण घरी थांबणार, हे बघणं आणि त्याची सोय लावणं. या तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मध्य आफ्रिकेतल्या अका लोकांचा अभ्यास बॅरी ह्युलेट यांनी केला, तिथले बाप दिवसाचा जवळपास निम्मा वेळ तान्ह्या बाळाच्या हाताच्या अंतरावर असतात. आपल्यापैकी कितीतरी जण हाकेच्या अंतरावर असतात पण कानात इअरफोन. त्यामुळे 'घरी होतो' ला मार्क देताना जरा जपून.

---

दोन_पोरांची_आई

आकडेमोड्या तिसऱ्या भागावरून फार लवकर पुढे गेलात हो, खरी गोम तिथेच तर आहे.

आमच्याकडे नवरा आंघोळ घालतो, भरवतो, खेळतो तर इतकं की शेजारचे म्हणतात नशीबवान आहेस. आहे मी, नाकारत नाही. पण धाकट्याचे बूट लहान झालेत हे कोणाच्या लक्षात आलं, लसीची पुढची तारीख कोणाच्या डोक्यात आहे, तो हल्ली रात्री दचकून उठतो म्हणजे शाळेत काही झालंय का हा विचार कोणी केला, तापाचं औषध संपत आलंय हे बाटली हलवून कोणी बघितलं. मी. त्याला सांगितलं की तो धावत जाऊन बूट आणतो, योग्य मापाचे आणतो, आणि तुमच्या प्रश्नावलीत 'मुलासाठी खरेदी करता का' ला ५ लिहितो. माझी आठवण करून द्यायची मेहनत कुठल्या चौकटीत टिक करू?

तो वाईट माणूस नाहीये हे परत सांगते नाहीतर लगेच घटस्फोटाचे सल्ले सुरू होतील.

---

जुना_वाचक

+१ वरच्या ताईंना. यावर ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंचा २०१९ चा चांगला अभ्यास आहे, ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या. डोक्यातल्या कामाचे त्यांनी चार टप्पे केलेत: पुढे काय लागणार हे आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. गंमत अशी की 'ठरवणं' या टप्प्यात नवरा-बायको बऱ्यापैकी बरोबरीने असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा मात्र जास्त करून बायकांकडे. म्हणजे "मुलांचे निर्णय आम्ही दोघं मिळून घेतो" हे खरंच असतं, फक्त तो निर्णय टेबलावर येईपर्यंतचं आणि आल्यानंतरचं सगळं तिच्याकडे.

तेव्हा कोरी_पाटी, 'निर्णयात सहभागी असता का' असा प्रश्न असेल तर आधी तो काढा, त्यातून काही कळणार नाही. त्याऐवजी एखादं ताजं काम पकडा, उदाहरणार्थ मागच्या वेळी मूल डॉक्टरकडे गेलं तेव्हा न्यायला हवं हे पहिल्यांदा कोण म्हणालं, वेळ कोणी घेतली, नेलं कोणी, नंतर औषधाचे डोस कोणी लक्षात ठेवले. एकाच प्रसंगाचे चार तुकडे.

---

दारोदार

मी १४ वर्षं सर्व्हेची फील्डवरची कामं केलीत, पुस्तकात सापडणार नाहीत अशा दोन-चार गोष्टी सांगतो.

नवरा-बायकोला एकत्र बसवून विचारू नका. एकत्र असले की पहिला जो बोलेल त्याचंच उत्तर दोघांचं होतं. खोलीत घरातली मोठी माणसं असतील तर बाई नवऱ्याला कमी मार्क देणारच नाही, आणि तो पण "मी लंगोट बदलतो" हे आईसमोर कबूल करेलच असं नाही, अशी उलट्या बाजूची चोरी पण मी बघितलीय, बाप करतो जास्त आणि सांगतो कमी.

दुसरं, दिवसाची डायरी. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय केलं हे तासातासाने विचारायचं आणि प्रत्येक ठिकाणी दोन जादा प्रश्न, तेव्हा सोबत कोण होतं आणि त्याच वेळी दुसरं काय चाललं होतं. हा दुसरा प्रश्न वगळलात तर मुलं सांभाळण्याचं अर्धं काम उडून जातं कारण ते कधीच एकटं नसतं, स्वयंपाक आणि मूल, कपड्यांच्या घड्या आणि मूल, फोन आणि मूल. आणि "मूल सोबत होतं" व "मुलासाठी काही करत होतो" हे वेगवेगळं लिहा. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस दोन्ही घ्या, नुसता रविवार विचारलात तर तुमच्या अभ्यासात सगळेच आदर्श बाप निघतील.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म भरतो कोण? जो बाप मुलांत रमतो तो आनंदाने तासभर देतो. जो रमत नाही तो "नंतर या" म्हणतो आणि तो नंतर कधी उगवत नाही. वेगळे राहणारे वडील तर हाताला लागतच नाहीत. अमेरिकेत १९९८ ते २००० मध्ये जन्मलेल्या साधारण ४,९०० मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय, त्यात लग्न न झालेल्या आईबापांची मुलं मुद्दाम जास्त घेतली होती आणि बापाला शक्यतो दवाखान्यातच, बाळ जन्मलं तेव्हाच गाठायचे, कारण नंतर सापडणं कठीण. त्यामुळे तुमच्या त्या ओळखीतल्या बाबांचं ४ आणि ५ खोटं नसेलही, तुम्हाला भेटलेच तसले असतील.

---

रात्रपाळी

वाचून थोडं लागलं म्हणून लिहितोय.

माझी शिफ्ट बहुतेक आठवडे रात्री १० ते सकाळी ६, मधूनच संध्याकाळची पाळी. मुलगी उठते तेव्हा मी झोपायला येतो आणि ती झोपायला जाते तेव्हा मी निघतो. तुमच्या डायरीत माझी हजेरी दिवसाला ४०-५० मिनिटं भरेल कदाचित. पण तिचे दात घासणं आणि वेणी हे माझं काम आहे, ती दुसऱ्या कोणाकडून करूच देत नाही, आणि संध्याकाळची पाळी असते त्या आठवड्यात ८ च्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन केला की तिला त्या दिवशी काय काय झालं ते सगळं सांगायचं असतं आणि मला मधे बोलायची परवानगी नसते. आमच्याइथे एक जण दिवसपाळीला आहे, ६ ला घरी, रात्री ११ पर्यंत घरीच, पोरगा दुसऱ्या खोलीत. हाकेच्या अंतरात त्याला १० पैकी १०.

आणि कमावणं यात धरायचं की नाही? मी रात्र जागतो ती काय हौस म्हणून?

---

दोन_पोरांची_आई

रात्रपाळी, तुमच्याबद्दल नव्हतं हो ते. पण कमावण्याचं म्हणाल तर मी पण कमावते आणि माझ्या कमाईला कोणी 'आईचा सहभाग' म्हणत नाही.

---

आकडेमोड्या

दोघांचंही खरं आहे आणि म्हणूनच ते वेगळ्या रकान्यात ठेवायचं. हॉकिन्स आणि सहकाऱ्यांची २००२ ची २६ प्रश्नांची एक वडिलांसाठीची प्रश्नावली आहे, तिच्यात घर चालवणं हा स्वतंत्र भाग आहे, मुलांच्या आईला साथ देणं हाही स्वतंत्र भाग आहे. स्वतंत्र असलं की बघता येतं की याचा त्याच्याशी काय संबंध. सगळं बेरजेत टाकलं की भरपूर कमावणारा आणि मुलाला कधी हात न लावणारा बाबा व रोज वेणी घालणारा रात्रपाळी यांचे मार्क सारखे येतील आणि मग मार्कांना अर्थ काय उरला.

दिवसाच्या मिनिटांपेक्षा 'हे काम ठरलेलं माझंच आहे' हे विचारा. दात घासणं कोणाचं काम? तो नसेल तर ते कोण करतं आणि त्याला सांगावं लागतं का? यात रात्रपाळीसारखे लोक दिसतील जे घड्याळात दिसत नाहीत.

कोणाचं धरायचं हा मूळ प्रश्न राहिलाच. दोघांचंही घ्या आणि सरासरी काढू नका. रॉस आणि सिकोली यांनी १९७९ मध्ये जोडप्यांना घरातल्या कामात तुमचा वाटा किती असं वेगवेगळं विचारलं होतं तर बहुतेक कामांत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. कारण साधं आहे, आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याने केलेलं आपण बघितलेलंच नसतं. म्हणजे आई म्हणेल तेच प्रमाण असंही नाही, ती घरात नसताना बाबा काय करतो ते तिला कसं दिसणार? आणि दोघांत धुसफूस चालू असेल तर तिच्या मार्कांत तीही उतरते. बाबा स्वतःला आईपेक्षा जास्त मार्क देतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय, तुमचंच घर जगावेगळं नाही. उलट मी तर म्हणेन त्या दोघांतला फरक हाच तुमचा विदा (डेटा). ज्या घरात दोघांची उत्तरं जुळतात आणि ज्या घरात नाही, त्या दोन घरांतल्या मुलांमध्ये काही फरक आहे का, यावर तर अख्खा प्रबंध होईल.

---

पुसून_परत_केलं

अवांतर वाटेल पण एक बाजू सुटली. मी करायला गेलो की "अशी नाही धरायची बाटली", "उलटं घातलंस", आणि मी केलेलं परत करायचं. दोन वर्षांत मी आपोआप बाजूला झालो. मग आता मी कमी करतो हे मोजाल, का कमी करतो हे कुठे मोजाल?

---

जुना_वाचक

अवांतर नाहीये. सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स यांनी १९९९ मध्ये यावर लिहिलंय, आईने दारावर उभं राहून कोणाला किती आत सोडायचं ते ठरवणं, अशा अर्थाने. त्यावर वेगळ्या प्रश्नांची पट्टी आहे आणि ती आईला द्यायची. फक्त एक, ती दारात उभी राहिली म्हणून तो बाहेर राहिला, का तो आधीपासून बाहेर होता म्हणून तिला सगळं हातात घ्यावं लागलं, हे एकदाच विचारून कळणार नाही. त्यासाठी त्याच घरी वर्षभराने परत जायला हवं. आणि खरं सांगू का, बाटली उलटी धरली होती का नाही ते पण विचारावं लागेल.

---

सरळ_बोलतो

सगळं वाचलं. प्रेम असं पट्टीने मोजायचं? आमच्या बाबांना कोणी प्रश्नावली दिली नव्हती तरी आम्ही वाढलोच.

---

आकडेमोड्या

प्रेम कोणी मोजत नाहीये साहेब. २००८ मध्ये स्वीडनच्या सरकाडी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केलेले २४ अभ्यास एकत्र तपासले, त्यातल्या २२ मध्ये वडिलांच्या सहभागाचा मुलांवर काही ना काही चांगला परिणाम दिसला. पण नक्की कशामुळे हे सांगता येईना कारण कोणी 'वडील एकाच घरात राहतात' यालाच सहभाग धरलेलं, कोणी प्रत्यक्ष मुलाशी काय करतात ते. मापं वेगवेगळी. बाबा लोकांना उद्या कोणी विचारलं की नक्की काय करू, तर उत्तर देता यावं म्हणून मोजायचं.

---

बाहुलीघर

मी लहान मुलांसोबत काम करते, व्हिडिओ बघून गुण देण्याचं थोडं शिकलेय. विचारण्याऐवजी बघणं हा पण मार्ग आहे. बाबा आणि मूल यांना १० मिनिटं खेळणी आणि पुस्तक देऊन बसवायचं, रेकॉर्ड करायचं, आणि मग बघायचं की मूल काही दाखवतं तेव्हा बाबा तिकडे बघतो का, मुलाच्या शब्दात भर घालतो का, घाई करतो का. पिकोलो नावाचं २९ गोष्टींचं एक मापन आहे, माया, प्रतिसाद, प्रोत्साहन आणि शिकवणं असे चार भाग, आणि बाबांसाठी त्याचं वेगळं रूप पण केलंय.

वेगळं का केलं तर यातली बरीच साधनं आयांना बघून बनवलेली. बाबा पोराला हवेत उडवतो, उलटं लटकवतो, पोरगं खिदळतंय, आणि जुन्या पट्टीवर त्याला 'शांतपणे प्रतिसाद' मध्ये कमी गुण. कॅनडातले डॅनियल पाकेत यांनी तर म्हणलंय की बापाशी असलेल्या नात्याची एक बाजू अशीच असते, मुलाला थोडं धाडसाकडे ढकलायचं आणि त्याच वेळी मर्यादा पण घालायची, आणि ते बघायला त्यांनी जिना वगैरे ठेवून केलेली वेगळी चाचणी बनवली. अर्थात सगळे बाबा दंगामस्तीवालेच असतात असं नाही, मी असे बघितलेत जे तासभर चिमुकल्या कपातून खोटा खोटा चहा पितात.

एक मात्र आहे, कॅमेरा लावला की पहिली पाच मिनिटं कोणीच खरं वागत नाही. एकाने तर नवीन शर्ट घालून येऊन पुस्तक उलटं धरलं होतं.

---

कोरी_पाटी

बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, खास करून रात्रपाळी तुमचे, तुमच्यामुळे मी मिनिटांचा हट्ट सोडला.

आत्तापर्यंत असं ठरवलंय, मॅडमना अजून दाखवायचंय. 'नेहमी-कधीतरी' पूर्ण काढून टाकलं. कालचा एक कामाचा दिवस आणि मागचा सुट्टीचा दिवस, दोघांना वेगवेगळं बसवून. मग दहाएक ठरलेली कामं, प्रत्येकाला "हे कोणाचं काम, सांगावं लागतं का". मग डॉक्टरचा तो चार तुकड्यांचा प्रसंग. व्हिडिओ माझ्या आवाक्यात नाही, एकटी किती ठिकाणी पुरणार. बेरीज नाही, चार आकडे चार ठिकाणी.

आणि एक गोष्ट मनात आली ती चालेल का सांगा. काही माहितीचे प्रश्न, म्हणजे मुलाच्या बुटाचा नंबर काय, सध्या झोपताना काय लागतं, शाळेत कोणाचं नाव जास्त घेतं, शेवटचं रडलं ते कशावरून. यात चढवून सांगता येत नाही, माहीत असतं नाहीतर नसतं.

---

दारोदार

चालेल, पण बाबा उत्तर देताना बायकोला फोन लावत नाही ना ते बघा. मी बघितलंय. आणि जो फोन लावतो त्याची वेगळी नोंद ठेवा, ती पण माहितीच आहे.

---

दोन_पोरांची_आई

बुटाचा नंबर आईलाच माहीत नसेल तर? उगाच बाबाचे मार्क कापाल. दोघांनाही विचारा.

---

रात्रपाळी

झोपताना निळं फडकं लागतं, मैत्रिणीचं नाव रोज बदलतं, शेवटचं रडली ती मी वेणी सैल घातली म्हणून. बुटाचा नंबर मी ७ म्हणणार होतो, आत्ता दाराशी जाऊन बघून आलो. ९ आहे.